सुरीची ऑर्डर घेतली, आता ग्राहकाशी बोलायचं कसं?

बॉब लव्हलेस नावाचा अमेरिकन माणूस १९५० च्या दशकात जहाजावर नोकरीला होता. न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात तो रँडल बनावटीची सुरी घ्यायला गेला, तर नऊ महिने थांबावं लागेल असं उत्तर मिळालं. तो थांबला नाही. भंगारातल्या मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा मिळवून त्याने स्वतःच पातं घडवलं. पुढे त्याच दुकानात त्याच्या सुऱ्या विकायला लागल्या, आणि १९७० साली अमेरिकेत सुरी करणाऱ्या कारागिरांची गिल्ड, म्हणजे संघटना, उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत तो होता. इकडे फ्लोरिडातल्या रँडलकडे आजही ऑर्डर दिल्यावर काही वर्षं थांबावं लागतं, आणि माणसं खुशीने थांबतात.

मला या किश्श्यात पोलादापेक्षा तो काउंटर दिसतो. लव्हलेसला उत्तर देणारा माणूस दुकानातला होता, सुरी करणारा नव्हता. नऊ महिने का, त्यात काय काय होतं, दरम्यान काही कळवणार का, हे लव्हलेसला कुणी बसून सांगितलं असेल असं वाटत नाही.

मी कोल्हापूरजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं स्वयंपाकाच्या सुऱ्या करतोय. महिन्याला चार, फार तर पाच. नव्याने भट्टी पेटवणारी मुलं येतात ती विचारतात, पोलाद कुठलं घेऊ, बेल्ट ग्राइंडर कुठला घेऊ. फोनवर काय बोलू, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. माझे जे ग्राहक तुटले त्यातला एक पात्यामुळे तुटला. बाकीचे सगळे फोनमुळे, म्हणजे मी न केलेल्या फोनमुळे. म्हणून हे लिहितोय.

पहिला फोन: किंमत नंतर, आधी ‘कापता कसं?’

समोरून पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ असाच येतो. टाळाटाळ करू नका, ‘साधारण पाच ते नऊ हजारांत बसतं, नक्की आकडा सगळं कळल्यावर सांगतो’ म्हणा आणि मग तुम्ही विचारायला लागा.

माझा पहिला प्रश्न असतो: विळीवर चिरता, हातात धरून चिरता, की पाटावर ठेवून? हे मी ठेच लागून शिकलो. ठाण्याच्या एक काकू होत्या. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी आठ इंची शेफ नाइफ मागवली, मीही मन लावून केली. चार महिन्यांनी सहज विचारलं तर म्हणाल्या, ‘छान आहे हो, कलिंगडाला काढते.’ जन्मभर विळीवर बसून भाजी चिरलेल्या त्या बाई. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी त्याच्याकडे जाते. शेफ नाइफला भाजी जागेवर आणि पातं फिरतं. उभ्याने, ओट्यावर, बोर्ड घेऊन कापायची सवयच नव्हती, तर आठ इंच घेऊन त्या काय करणार? त्यांना हवी होती ती हातात बटाटा धरून सोलता-चिरता येईल अशी चार इंची छोटी सुरी. ती नंतर करून दिली. पण पहिली चूक माझीच. मी मुलाशी बोललो, वापरणाऱ्या बाईंशी बोललोच नाही. सुरी भेट म्हणून जात असेल तर वापरणाऱ्याचा नंबर मागा. सरप्राइज असेल तर निदान त्यांच्या ओट्याचा आणि सध्याच्या सुरीचा फोटो मागा. झिजलेली जुनी सुरी खूप बोलते: टोकाकडे झिजली असेल तर माणूस ओढून कापतो, मधे खोलगट झाली असेल तर एकाच जागी दाबून.

मग पुढचे प्रश्न. नारळ फोडणार का? ‘नाही हो’ असं सगळे म्हणतात आणि घरात दुसरं कुणीतरी सुरीच्या पाठीने नारळ फोडतंच. मासळी किती, मटण हाडासकट का? डावखुरे आहात? घरात भांडी घासायला बाई येतात का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण गंजणाऱ्या कार्बन पोलादाची सुरी रात्रभर सिंकमध्ये पडून राहणार असेल, तर ती विकायचीच नाही, हे मला त्या उत्तरावरून ठरवायचं असतं.

शब्दांचाही घोळ असतो. ‘सत्तूर’ म्हणताना एकाच्या डोळ्यांसमोर खाटकाचं जाड अवजार असतं आणि दुसऱ्याच्या, व्हिडिओत पाहिलेलं चौकोनी पातळ चिनी पातं. फोटो मागवल्याशिवाय नावावर विश्वास ठेवू नका. मापाला माझी युक्ती अशी: कोऱ्या कागदावर पंजा ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारायची, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं आणि वरून सरळ फोटो काढून पाठवायचा. नाण्यावरून पंजाचं माप निघतं, मुठीची लांबी-जाडी ठरते. शिवाय आपल्या हाताच्या मापाने काहीतरी घडतंय, हे ग्राहकाला त्या कागदावरच पहिल्यांदा जाणवतं.

नाही म्हणायचं ते इथेच म्हणा

भिंतीवर लावायला तलवार, गाडीत ठेवायला ‘काहीतरी’ असे फोन येतात. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम एकदा वाचून ठेवा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक वापरासाठी केलेली अवजारं वगळलेली आहेत. म्हणून दहा इंची स्वयंपाकाची सुरी मी करतो, पण वहीत आणि बिलावर वापर लिहितो. सांबराच्या शिंगाची मूठ मागणारे असतात, त्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा सांगायचा, विषय संपला. परदेशी असलेल्या मराठी मंडळींना शिसमची मूठ फार आवडते. शिसम ज्या डालबर्जिया वंशातला, तो अख्खा वंश २०१७ पासून साइट्स या, दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या परिशिष्टात आहे. तयार वस्तूंना दहा किलो लाकडापर्यंत २०१९ पासून सूट आहे, तरी बाहेर पाठवायचं तर कागदपत्रांची खात्री करून घ्यावी लागते. मी अशांना बाभळीची किंवा चिंचेची मूठ सुचवतो आणि कारण सांगतो. कारणासकट दिलेला नकार लोकांना लागत नाही. उलट अशा नकारानंतर दोघांनी दुसरी ऑर्डर दिलेली आहे.

बोललेलं लिहून द्या

फोन ठेवल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक संदेश जातो. त्यात पात्याची लांबी, पोलाद, मुठीचं लाकूड, किंमत, विसार, तारीख, आणि मी काय करणार नाही ते. शेवटी ‘यात काही चुकलं असेल तर आज-उद्यात सांगा’. सात-आठ ओळी, बस.

पोलादाबद्दल लिहिताना आकड्यांची फेक करू नका. मी बहुतेक ईएन ३१ वापरतो. हे बेअरिंगचं पोलाद, अमेरिकेत यालाच ५२१०० म्हणतात. एक टक्क्याच्या आसपास कार्बन, दीडेक टक्का क्रोमियम. ग्राहकाला यातलं काय कळायला हवं? एवढंच, की एवढ्याशा क्रोमियमने गंज अडत नाही. लिंबू, कैरी, चिंच, कोकम लागलं की पातं निळसर-काळपट होणार, आणि तो डाग नसून पात्यावर धरणारा थर आहे. हे ऑर्डरच्या वेळी सांगितलं तर ती माहिती असते. सुरी पोचल्यावर, तक्रार आल्यावर सांगितलं तर ती सबब होते. वाक्य तेच, वेळ वेगळी. रत्नागिरी-मालवणकडून फोन असेल तर मी दमट हवेचं आणखी स्पष्ट सांगतो आणि स्टेनलेसचा पर्याय पुढे ठेवतो.

विसाराबद्दल माझं मत ठाम आहे: थोडा घ्या. मी हजार रुपये घेतो. पूर्ण पैसे आधी घेतले की ते पोलादात, बेल्टमध्ये, लाइटबिलात जातात आणि मग ती सुरी करायला हात उचलत नाही, कारण तिचे पैसे खाऊन झालेले असतात. ग्राहकाला फोन करायचीही लाज वाटायला लागते. पहिल्या वर्षी मी हे केलंय. उरलेले पैसे तयार सुरीचा फोटो पाहून, पाठवायच्या आधी.

तारीख सांगताना मनात आली त्याच्या दीडपट सांगा. तीन आठवडे वाटले तर पाच म्हणा. ‘लवकरात लवकर’ हा शब्द तोंडातून काढून टाका. त्याचा अर्थ ग्राहकाला पुढचा रविवार वाटतो आणि तुम्हाला दिवाळी.

काम चालू असताना

फोटो पाठवा, पण रोज नको. मी तीन पाठवतो: पातं घडवून कानशीने आकार दिल्यावर, पाणी दिल्यावर, आणि मूठ बसवल्यावर. (पाणी देणं म्हणजे तापवलेलं पातं एकदम बुडवून कठीण करणं. ते आम्ही तेलात देतो, शब्द मात्र लोहारकीतला जुनाच राहिलाय. हे ग्राहकाला सांगितलं की गप्पा रंगतात.) दुसरा फोटो काळ्या, खवलं धरलेल्या, कुरूप पात्याचा असतो. सुरुवातीला मी तो लपवायचो, चकचकीत झाल्यावरच फोटो काढायचो. आता मुद्दाम पाठवतो, कारण पुढे सुरी हातात आल्यावर लोकांना तोच आठवतो.

तिसऱ्या फोटोआधी मुठीत बदल करता येतो, नंतर नाही, हे दुसऱ्या फोटोबरोबरच कळवा. आयत्या वेळी येणारे ‘जरा जाड करता का’ निम्मे तिथेच संपतात.

कठीणपणाचा आकडा सांगायचा तर मोजून सांगा. कोल्हापूर-सांगलीकडे हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे रॉकवेलचं मशीन असतं, तपासून मिळतं. न मोजता ‘६२ आहे’ म्हणू नका. आणि मोजलं तरी काकूंना आकडा नको असतो, त्यांना पिकलेला टोमॅटो न दाबता कापलेला बघायचा असतो. दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी आहे, तिच्या परीक्षेत पात्याने आधी टांगलेला एक इंची दोर एका घावात तोडायचा, मग लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतरही हातावरचे केस निघायला हवेत, आणि शेवटी तेच पातं पकडीत धरून नव्वद अंशांत वाकवायचं, तुटता कामा नये. परीक्षेतली सुरी अर्थातच कामातून जाते. आपण एवढं करायची गरज नाही, पण वर्षातून एक पातं असं मारून-वाकवून बघा. ‘तुटणार नाही ना?’ असं कुणी विचारलं की मग आवाजात बळ येतं.

पातं तडकलं, आता?

इथे जरा थांबून वाचा.

पाणी देताना कधी कधी तेलातून बारीक ‘टिंग’ येतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. पातं तडकलेलं असतं, दोन आठवड्यांचं काम भंगारात. कधी तडकत नाही पण बाक येतो. कधी मुठीचं लाकूड आठ दिवसांनी चिरतं. हे होणारच, धंदा आहे.

दुसऱ्या वर्षी नाशिकच्या एका डॉक्टरांची सुरी अशी तडकली, देण्याच्या तारखेच्या तीन दिवस आधी. त्यांच्या बायकोच्या वाढदिवसाची भेट होती. मला वाटलं, रात्री जागून दुसरं पातं काढू, कळवायचं कशाला. दुसरंही वाकलं. तारीख गेली. त्यांचा संदेश आला, ‘काय झालं?’ मी लिहिलं, ‘फिनिशिंग चालू आहे.’ खोटं. मग त्यांचा फोन दिसला की मी ग्राइंडर चालू करायचो, म्हणजे ऐकू आला नाही असं स्वतःलाच सांगता यायचं. तीन आठवड्यांनी सुरी गेली, चांगली झाली होती. पैसे वेळेवर आले, एक ओळसुद्धा आली नाही. परत कधीच नाही.

त्यानंतरचा माझा नियम असा, की तडकलेलं पातं गार व्हायच्या आत फोन झाला पाहिजे. अगदी शब्दशः नाही, पण दिवस मावळायच्या आत तरी नक्की. साठीच्या पुढच्या माणसांना फोनच करा, त्यांना संदेशात वाईट बातमी दिलेली आवडत नाही. बाकीच्यांना असा संदेश चालतो:

‘नमस्कार ताई. तुमच्या सुरीचं पातं आज पाणी देताना तडकलं, फोटो जोडलाय. पातं फार पातळ घासून ठेवलं होतं, चूक माझी. नवं पातं उद्या सकाळी सुरू करतो. १४ तारखेऐवजी पुढच्या महिन्याची ४ तारीख धरा. उशीर चालणार नसेल तर तुमचा विसार आजच परत पाठवतो, मोकळेपणाने सांगा.’

यात काय आहे बघा. काय झालं, का झालं, पुरावा, नवी तारीख, आणि निघून जायचा रस्ता. काय नाही तेही बघा: लाइट गेली होती, तब्येत बरी नव्हती, पोलादवाल्याने खराब माल दिला, यातलं काही नाही. ते खरं असलं तरी ग्राहकाच्या कामाचं नसतं. ‘काळजी करू नका’ हेही लिहू नका, काळजी करावी की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आणि नवी तारीख पुन्हा दीडपटीने धरा. पहिला उशीर माणूस समजून घेतो. दुसऱ्यांदा तारीख चुकली की तुमच्या सगळ्याच बोलण्याची किंमत उतरते.

विसार परत मागणारे किती निघतात? सात वर्षांत माझ्याकडे दोघं निघाले. त्यातल्या एकाने पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्डर दिली. तडकलेल्या पात्याचा तुकडा काही जण मागून घेतात, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

सुरी पाठवताना

कुरियरवाल्याला आधी विचारा, सगळे सुरी घेत नाहीत. घेणारा असेल तर आत काय आहे ते खरं लिहा. टोकावर बूच, धारेवर पुठ्ठ्याची पट्टी, आणि डबा उघडणाऱ्याला वरच वाचता येईल अशी चिठ्ठी, ‘धार आहे, डाव्या बाजूने उघडा.’ भेटायला येऊन नेणारे विमानाने जाणार असतील तर सुरी चेक-इनच्या बॅगेत टाका, हे आठवण करून द्या.

डब्यात मी एक रुपयाचं नाणं चिकटवतो. धारेची वस्तू भेट दिली की नातं तुटतं असा समज आपल्याकडे आहे आणि पाश्चात्त्यांतही. तोडगा असा, की घेणाऱ्याने एक नाणं परत द्यायचं, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते. माझा यावर विश्वास नाही, पण घरातल्या आजींचा असतो आणि डबा बऱ्याचदा त्याच उघडतात.

सोबतचा कागद अर्ध्या पानाचा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापू नका. वापरली की लगेच धुऊन कोरडी करा. महिनाभर वापरणार नसाल तर तेलाचं बोट फिरवा. आणि सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याला देऊ नका. याचं कारणही लिहा, नाहीतर लोक ते तुमचा स्वार्थ समजतात. कोरड्या चाकावर धार तापते आणि निळी पडते. निळा रंग म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास, आणि माझं पातं दोनशेच्या खालीच टेंपर केलेलं, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकं तापवलेलं असतं. निळी पडलेली धार मऊ झालेली असते, मग ती आठवड्यात जाते आणि नाव माझं जातं.

सुरी गेल्यानंतर

सहा आठवड्यांनी एक संदेश: ‘धार कशी आहे? काळी पडली का? एक फोटो पाठवता का?’ त्यात दुसरं काही विकायचं नाही. ‘नवीन डिझाइन आलंय’ हे त्याच संदेशात घातलं की आधीची विचारपूस खोटी ठरते. मी हे दोनदा केलं आणि दोन्ही वेळा उत्तर आलं नाही.

माझ्या वह्या आहेत, दोनशे पानी. प्रत्येक सुरीला एक पान: पंजाच्या मापाचा कागद, पोलाद, टेंपरचं तापमान, कोण वापरतं, डावखुरे की उजवे, काय बोलणं झालं. ‘मुलगी बारावीला’, ‘सासरे घरी असतात, सुपारी कातरतात’ असंही लिहिलेलं आहे. दोन वर्षांनी फोन आला की पान उघडून बोलायचं. ग्राहकाला वाटतं माझी स्मरणशक्ती दांडगी. वाटू द्या.

आपल्याकडे गावचा लोहार बारा बलुतेदारांतला. शेतकरी त्याला सुगीला धान्य द्यायचा आणि वर्षभर फाळ शेवटून (झिजलेलं टोक तापवून-ठोकून पुन्हा काढून), कोयता-विळा पाजवून घ्यायचा. त्यात विक्रीपेक्षा दुरुस्ती जास्त होती. त्या व्यवस्थेत जातीची सक्ती होती, ती गेली ते बरंच झालं. पण अवजार हातातून गेल्यावरही ते आपलंच, एवढं त्यातलं घेण्यासारखं आहे. म्हणून मी विकलेल्या सुरीला पहिल्या वर्षी धार फुकट लावतो, पुढे नाममात्र पैशांत, कुरियर त्यांचं.

त्याला मुहूर्त खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारं पुजायची, तर ती धारेची असावीत, म्हणून नवरात्राच्या पंधरा दिवस आधी मी जुन्या ग्राहकांना कळवतो. त्या पंधरवड्यात नवी ऑर्डर घेत नाही, हे आधीच सांगितलेलं असतं. आलेल्या प्रत्येक सुरीच्या मुठीला दोरा बांधून चिठ्ठी लावा, नाव, तारीख, आणि येताना असलेल्या खरचटलेल्या जागा. चिठ्ठीशिवाय एकही सुरी टेबलावर ठेवू नका. मी एकदा सांगलीची सुरी सोलापूरला पाठवलेली आहे. दोघींनी आपसांत फोन करून अदलाबदल केली आणि मग मला कळवलं. गेल्या वर्षी अकरा सुऱ्या आल्या. एका डब्यात सुरीबरोबर एक जुनी विळी होती, खवणीचे दाते बोथट झालेली, सोबत चिठ्ठी: ‘ही तुमची नाही, सासूबाईंची आहे, पण बघता का?’ विळीची धार दगडावर तासाभरात झाली. खवणीचे दाते एकेक करून बारीक कानशीने उघडायला मात्र अख्खी दुपार गेली.